पान एकशेबारा

४ जानेवारी

प्रिय मामा,

अक्षर वाकडं दिसेल, कारण हे पत्र मी आडवी पडून लिहिते आहे. डॉक्टरबाईंनी काल स्पष्ट सांगितलं, बाळंत होईपर्यंत पलंग सोडायचा नाही. जेवायला बसायचं, न्हाणीघरात जायचं, बाकी सगळं आडवं. पाचवा महिना नुकताच लागलाय. मागच्या वेळी याच सुमारास काय झालं ते तुला माहीत आहे, म्हणून मी वाद घातला नाही.

मोजणी कचेरीत रजेचा अर्ज पोचला. माझ्या नकाशांच्या टेबलावर साहेबांनी म्हणे फायलींचा ढीग रचलाय. रचू देत.

दिवस मात्र खायला उठतो. नवरोबा वाचनालयातून पुस्तकं आणतो, पण त्याची निवड वजनावर. माझे हात दुखू नयेत म्हणून बारीक बारीक आणतो. सकाळी उघडलेलं पुस्तक दुपारच्या चहाला संपतं, आणि संपलं की मी छताकडे बघत मोजायला लागते. किती आठवडे झाले, किती राहिले, आज पोटात कितीदा हललं. कधी कधी तासभर काही हलत नाही. तो तास कसा जातो ते लिहीत नाही.

मला लवकर न संपणारं काहीतरी हवंय. तू आयुष्यभर गिऱ्हाइकांना औषधं दिलीस आणि मला पुस्तकं. आता नीट विचार करून सांग, काय वाचू?

तुझी ठमी

---

९ जानेवारी

प्रिय ठमाबाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. घाबरू नकोस असं मी म्हणणार नाही, कारण त्याने कोणाची भीती गेल्याचं चाळीस वर्षांत पाहिलं नाही. औषध मात्र आहे.

माझ्या कपाटात सात खंडांची एक कादंबरी आहे. परागंदा झालेली राणी आपल्या माणसांना घेऊन पायी घरी निघते, एवढीच गोष्ट. जादू आहे, बोलणारे दगड आहेत, सावल्या चोरणारे पक्षी आहेत, पण सगळं सावकाश. घाईचा माणूस दुसऱ्या प्रकरणात पुस्तक भिंतीवर मारेल. तुझी मामी गेली त्या वर्षी मला काही वाचवत नव्हतं. सुरुवात असलेल्या पुस्तकाला शेवटही असणार, या विचारानेच नको व्हायचं. तेव्हा हे हाती लागलं. ते वर्ष मी त्या लोकांबरोबर चालून काढलं.

नवरोबाला सांग, हे सातही खंड वाचनालयात मिळतील. धूळ झटकून घे म्हणावं. दिवसाला पंधरा पानं, जेवणानंतर. जास्त नाही. मीही इथे तेवढीच वाचतो, म्हणजे आपण बरोबर राहू.

दुकान ठीक. दुकानातल्या ताईंना मी ही योजना सांगितली. बारा वर्षं माझ्या शेजारी उभं राहून औषधं देतात, त्यांचं मत मला लागतंच. त्या म्हणाल्या, तुमच्या भाचीला पुस्तकापेक्षा झोपेची गरज आहे. मी म्हटलं, हे पुस्तक दोन्ही देईल.

तुझा मामा

---

२४ जानेवारी

प्रिय मामा,

एकशेवीस पानं झाली. तुझं पथ्य पाळलं, पण तक्रार नोंदवून घे.

खेचराच्या खुरात खडा अडकतो, त्याला सतरा पानं? आधी खडा दिसतो, मग तो काढायचा की नाही यावर सभा भरते, मग ज्याचा बाप खेचरांचा वैद्य होता तो माणूस बापाची गोष्ट सांगतो. मी पलंगावरून ओरडले, अरे काढा तो खडा! नवरोबा स्वयंपाकघरातून धावत आला, त्याला वाटलं मलाच काही झालं. बिचाऱ्याच्या हातातलं भांडं पडलं.

मग मी माझ्या धंद्याला जागले. पुस्तकाच्या सुरुवातीला नकाशा आहे ना, त्यावर दोरा ठेवून वाट मोजली. एकशेवीस पानांत ही मंडळी अडीच बोटं चालली आहेत. घर चाळीस बोटांवर. म्हणजे एक हजार नऊशे वीस पानं, आणि पंधराच्या गतीने ती मंडळी घरी पोचतील मे महिन्याच्या अखेरीला. डॉक्टरबाईंनी मला दिलेली तारीखही तीच. तू हे ठरवून केलंस का? खरं सांग. केलं असशील तर हसू येतं आणि नसशील तर भीती वाटते, कारण वाटेत कोणीतरी मरणार हे मला आत्ताच दिसतंय.

हे पुढे असंच चालायचं का? की मध्येच दुसरं काही उचलू?

तुझी ठमी

---

१४ फेब्रुवारी

प्रिय ठमाबाई,

उशीर झाला. दुकानात गर्दी होती आणि थोडी सर्दी.

तुझं म्हणणं खरं आहे. पुस्तक फार संथ आहे. पूर्वी कसं लक्षात आलं नाही कोण जाणे. मी एकशेबाराव्या पानावर आहे. दोन आठवडे तिथेच आहे. वाक्य पुढे सरकतच नाही. सोडून देऊ आपण. तू एखादं पातळ पुस्तक घे, मोठ्या टाइपातलं, भराभर संपणारं.

उजवा खांदा दुखतोय. दुकानाच्या दाराची चौकट लागली. तीनदा लागली. चष्मा बदलायला झालाय, बाकी काही नाही. तू तुझं बघ. पाय उशीवर ठेवून झोप.

दुकानात गर्दी होती आणि थोडी सर्दी, म्हणून उशीर झाला.

तुझा मामा

---

२१ फेब्रुवारी

प्रिय मामा,

मी ओळखलं. आईने तुला काहीतरी लिहिलंय आणि तू मला सांभाळून घेतो आहेस. पुस्तकात पुढे काही वाईट होतं, ते माझ्या वाचनात येऊ नये म्हणून तुला ते अचानक संथ वाटायला लागलं. ज्या माणसाने हे सातही खंड वाचले तो एकशेबाराव्या पानावर अडकेल यावर मी विश्वास ठेवू?

मी सोडणार नाही. दुसरा खंड लागला. मला आता त्या चालीची सवय झाली आहे. पातळ पुस्तकात माणूस एका ओळीत मरतो. इथे खेचराला सतरा पानं मिळाली, तर माणसाला किती मिळतील, असा एक धीर येतो. आणि मंडळी मुक्कामाला थांबली की मलाही थांबल्यासारखं वाटतं. नुसतं पडून राहिल्यासारखं वाटत नाही.

मी मजेत आहे. जेवते, झोपते.

एक काम. डॉक्टरबाईंनी नवी गोळी दिली आहे. चिठ्ठी सोबत ठेवली आहे. लोहाच्या गोळीबरोबर ही चालते का, किती अंतर ठेवू? त्या घाईत होत्या, विचारायचं राहिलं. तुझ्या शब्दाशिवाय मी गोळी गिळत नाही हे तुला ठाऊक आहे.

तुझी ठमी

---

४ मार्च

प्रिय ठमाबाई,

तुझं पत्र ऐकून बरं वाटलं.

गोळीचं तुझ्या डॉक्टरबाईंनाच विचार. मी आता असं कोणाला सांगत नाही.

तुला पुस्तक आवडतंय तर वाच. राणी पुढे नदीकाठी थांबते ते प्रकरण चांगलं आहे. मला आठवतं ते. माझं सध्या वाचन बंद आहे. डोळ्यांना विश्रांती. दुकानही थोडे दिवस ताईच बघतात.

तुला आईने काही सांगितलं असेल तर मनावर घेऊ नकोस. तू तुझं बघ.

मामा

---

९ मार्च

दुकानातल्या ताईंना नमस्कार.

आपली भेट दोनदाच झाली, पण मामाच्या पत्रांतून मी तुम्हाला चांगली ओळखते, म्हणून सरळ विचारते. मामाला काय झालंय?

माझ्या लहानपणापासून त्याने मला एकही गोळी न विचारता घेऊ दिली नाही. आता म्हणतो, डॉक्टरांना विचार. पत्र 'ऐकून' बरं वाटलं म्हणतो. आधीच्या पत्रात एकच वाक्य दोनदा आहे. मी ती दोन्ही पत्रं उशाशी घेऊन पडले आहे आणि दिवसभर तीच वाचते आहे. मला उठून गाडीत बसता येत नाही. आईला लिहिलं तर ती रडत इकडे येईल आणि मला आणखी घाबरवेल.

माझ्या अवस्थेकडे बघून काही लपवू नका. न कळण्याने माझं जास्त नुकसान होतंय.

---

१४ मार्च

भाचीबाई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. तुम्हाला काही कळवू नका असं त्यांनी मला बजावलं होतं. पण तुम्ही विचारलंत, तेव्हा खोटं लिहिणार नाही.

जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी ते दुकानात आले आणि वर्तमानपत्र उघडून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, आज छपाई बिघडली आहे का? मी पाहिलं, छपाई नेहमीसारखी होती. त्यांनी ते घडी करून ठेवून दिलं. त्या दिवसापासून चिठ्ठी आली की माझ्याकडे सरकवायचे, चष्म्याचं कारण सांगायचे. औषधं ते खोक्याच्या रंगावरून आणि फळीवरच्या जागेवरून काढत होते. मला संशय होता, पण मालकांना कसं विचारायचं?

फेब्रुवारीच्या तेवीस तारखेला आमच्या नेहमीच्या एक आजी आल्या. रक्तदाबाची गोळी नेतात. त्याच आठवड्यात मी फळ्या पुसल्या होत्या आणि दोन खोकी माझ्याकडून उलटसुलट ठेवली गेली होती. मालकांनी सवयीच्या जागेवरून खोकं काढलं आणि आजींच्या पिशवीत टाकलं. ते मधुमेहाच्या गोळ्यांचं होतं. आजी पायरी उतरत असताना माझी नजर गेली. मी धावत जाऊन बदलून आणलं. आजींना काही कळलं नाही. मालकांना मात्र कळलं. खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "ताई, मला वाचता येत नाही."

मी म्हटलं, चष्मा बदलू. ते म्हणाले, "चष्मा नाही. अक्षरं दिसतात. ती काय म्हणतात ते कळत नाही."

त्याच दिवशी त्यांनी काउंटरच्या किल्ल्या माझ्या हाती दिल्या. परवाना माझाही आहे, दुकान चालू आहे. ते वरच्या खोलीत बसून असतात. तुमची पत्रं मीच वाचून दाखवते. गोळीचं मी सांगणार होते, त्यांनी सांगू दिलं नाही. दोन तासांचं अंतर ठेवा, काळजी नको. डॉक्टरकडे मात्र येत नाहीत. म्हणतात, काय झालंय ते मला कळलंय, दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही. त्यांची समजूत माझ्याने निघत नाही. तुमचं ऐकतील असं वाटतं.

---

१८ मार्च

प्रिय मामा,

हे पत्र ताई तुला वाचून दाखवणार आहेत. ताई, तुम्हाला विनंती, तो मध्ये थांबवेल, पण थांबू नका.

मामा, मला सगळं कळलं आहे. ताईंवर रागवायचं नाही. त्यांनी सांगितलं नसतं तर मी पलंग सोडून गाडीत बसले असते.

आता माझं ऐक. मी तुला लिहिलं होतं, मजेत आहे, जेवते, झोपते. ते पत्र मी दवाखान्याच्या खाटेवरून लिहिलं होतं. एकोणीस फेब्रुवारीला रक्त गेलं. तीन दिवस मी तिथे होते. नवी गोळी त्यासाठीच होती. तीन दिवस एक नर्स दर दोन तासांनी पोटाला कान लावायची आणि ऐकू येईपर्यंत तिच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत पडलेली असायचे. तुला सांगितलं नाही, कारण तू एकटा आहेस, घाबरशील. आणि तू मला सांगितलं नाहीस, कारण मी अशी पडलेली, घाबरेन. आपण दोघांनी एकमेकांना चांगलंच फसवलं आणि दोघंही एकेकटे घाबरत बसलो.

तुला काय झालंय याचा तुला अंदाज आहे, म्हणूनच तू जात नाहीस. मलाही दवाखान्यात जायचं नव्हतं. नवरोबा मला जिन्यावरून उचलून घेऊन जात होता तेव्हा मी त्याला म्हणत होते, नको, कळलं नाही तर अजून ठीक असेल. तो थांबला नाही, म्हणून बाळ आत्ता पोटात लाथा मारतंय.

तुला उचलून न्यायला माणूस नाही. म्हणून तुझ्या पायांनी जा. ताई सोबत येतील. या आठवड्यात जा. पुढच्या आठवड्यात नको. माझा जीव टांगणीला लागलाय, आणि डॉक्टरबाई म्हणतात तो शांत ठेवायचा.

तुझी ठमी

---

६ एप्रिल

प्रिय ठमाबाई,

ताई थांबल्या नाहीत. मी दोनदा हात वर केला, त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्याच दिवशी गेलो. मेंदूच्या मागच्या भागात एक बारीक गुठळी अडकली होती. जानेवारीतच. उजवीकडचं थोडं दिसेनासं झालं, म्हणून खांदा चौकटीवर आपटत होता. आणि अक्षर ओळखायचा रस्ता तुटला. लिहिण्याचा रस्ता वेगळा, तो शाबूत आहे. म्हणजे हे पत्र मी लिहितो आहे, आणि काय लिहिलं ते मला वाचता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात, पण पुन्हा असं होऊ नये म्हणून गोळ्या आजच सुरू करा. माझ्याच दुकानातल्या गोळ्या. ताईंनी मला गिऱ्हाइकासारखं उभं करून समजावून दिल्या.

तुला एक कबुली देतो. मला मरणाची एवढी भीती वाटली नाही. त्या आजींच्या पिशवीत मी जे टाकलं, त्याची अजून वाटते. मला येत नाही, एवढं म्हणायला मला महिना लागला. तेवढ्यात माणूस गेलं असतं. काउंटरवर मी परत उभा राहणार नाही. हे ताईंना सांगितलं, त्यांनी वाद घातला नाही. त्याचं वाईटही वाटलं.

दवाखान्यात एक बाई आहेत, माझ्यासारख्यांना पुन्हा वाचायला शिकवतात. डोळ्यांना अक्षर कळत नाही, पण हाताला आठवतं. म्हणून बोटाने गिरवायचं. क गिरवला की हात सांगतो, हा क. मग पुढचं. ओळ संपेपर्यंत पहिला शब्द विसरतो. घाम फुटतो. त्यांनी विचारलं, सरावाला काय वाचाल? मी सात खंड नेले. त्यांनी वजन बघून परत पाठवले. म्हणाल्या, दिवसाला चारपाच ओळी वाचणाऱ्या माणसाने आपलं वाचन निवडून घ्यावं. इतकी वर्षं लोकांना पुस्तकं सुचवली, आणि स्वतःसाठी पाच ओळी निवडता येईनात.

तू कशी आहेस? आणि या वेळी खरं लिही.

तुझा मामा

---

१९ एप्रिल

प्रिय मामा,

खरं लिहिते. कालपासून पोटात मधून मधून कळ येते आहे. फार लवकर आहे. डॉक्टरबाई म्हणतात, आज दुपारी भरती व्हा. नवरोबा पिशवी भरतो आहे आणि त्यात चौथा खंड टाकू का विचारतो आहे. मी नाही म्हटलं. आत्ता मला कुठलंच पुस्तक नको.

जे होईल ते मी तुला स्वतः कळवीन. मी नकाशांवर गावांची नावं घालते तशा अक्षरात लिहीन, मोठं, सुटं, दोन अक्षरांत भरपूर जागा सोडून. तुला जमलं तर तू वाच, नाही तर ताई आहेत.

मला भीती वाटते आहे.

ठमी

---

८ मे

प्रिय ठमाबाई,

तुझं पाकीट चार तारखेला आलं. ताई ते घेऊन वर आल्या. म्हणाल्या, "द्या, एका मिनिटात वाचून दाखवते."

मी नाही म्हटलं. का म्हटलं ते मलाही धड सांगता येत नाही. वाईट असेल तर एकदम अंगावर येऊ नये, सावकाश कळावं, असं काहीतरी असेल. ताईंनी मग काय केलं सांगू? मी कागद उघडला तेव्हा त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या, म्हणजे नजर कागदावर जाऊ नये आणि चेहऱ्यावरून मला काही कळू नये.

सगळ्यांत आधी मला त्या कागदावर नऊचा आकडा दिसला. आकडे मला अजून बघताक्षणी कळतात, तेवढे शाबूत आहेत. पण नऊ काय? त्याच्या मागेपुढे नुसती न कळणारी अक्षरं. तरी मी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

पहिल्या दिवशी 'मुलगी' एवढंच झालं, आणि 'झाली'. दुसऱ्या दिवशी 'लहान आहे'. मग 'काचेच्या'. तिथे मी थांबलो. काचेच्या काय, ते मला त्या दिवशी वाचायचं नव्हतं. ताईंनी चहा आणला, मी घेतला नाही. त्यांनी विचारलंही नाही.

तिसऱ्या दिवशी 'पेटीत होती'. ठमाबाई, तो 'होती' गिरवताना माझं बोट जागेवर थिजलं. 'होती' म्हणजे आता नाही का? मी ताईंना हाक मारणार होतो. हाक तोंडापर्यंत आली होती. मग वाटलं, पुढे अजून ओळी आहेत. काही नसतं तर तू इतकं लिहिलं नसतंस. '९ दिवस' वाचलं आणि डोळे थकले, ओळी एकमेकींत मिसळायला लागल्या. मला उठावं लागलं. आयुष्यातली सगळ्यांत संथ दुपार ती.

काल सकाळी चेहरा धुऊन बसलो. 'आज बाहेर काढली. माझ्या छातीवर झोपली आहे.'

'छातीवर' मी तीनदा गिरवलं. मग 'झोपली'. ताई पाठमोऱ्याच होत्या. मी मोठ्याने वाचून दाखवलं, सबंध, पहिल्यापासून, आणि त्या तशाच खिडकीकडे तोंड करून रडल्या. मग दुकान उघडायला खाली गेल्या, कारण गिऱ्हाईक हाका मारत होतं.

शिकवणाऱ्या बाईंना मी आज तुझा कागद दाखवला. सरावाला दुसरं काही नको म्हणून सांगितलं.

पुढच्या पत्रात तिचं वजन लिही. दर आठवड्याचं लिही, मोठ्या आकड्यात, सगळ्यांत वर. तेवढं मला पाकीट उघडल्याबरोबर कळेल.

तुझा मामा